नवसच समजा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर रोज पहाटे धावायचो त्या मित्रांनाही नाही. आज का सांगतोय, ते विचारू नका. सांगून काही सुटणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आता आत ठेवणं जमत नाही, एवढंच.

तेव्हा आम्ही पनवेलजवळ सुकापूरला राहायचो. चाळिशीत माणसाला कसलंतरी खूळ लागतं — मला धावण्याचं लागलं. त्यातून कल्पना निघाली : एक दिवस पनवेल ते उरण, दुसऱ्या दिवशी उरण ते पनवेल, असं सलग पाच दिवस धावायचं, लोकांनी दर किलोमीटरमागे देणगी द्यायची आणि त्यातून उरणच्या एका धर्मादाय दवाखान्याला डायलिसिसचं मशीन घ्यायचं. तिकडच्या पेशंटांना त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. काम चांगलंच होतं, नाही कोण म्हणतो? पण चौकात फ्लेक्स लागला, त्यावर माझा फोटो, एक पाय हवेत. खोटं कशाला बोलू — येता-जाता मी तो फोटो बघायचो.

पंधरा दिवस आधी उजवी टाच दुखायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाडाला बारीक तडा आहे, दोन महिने धावण्याचं नाव काढू नका. घरी येऊन मी सांगितलं, थोडा मुरगळलाय. तिथेच थांबलो असतो तर? कुणी काय खाल्लं असतं का मला? कार्यक्रम पुढे गेला असता, बस्स. पण फ्लेक्स लागला होता ना.

आणि मग हिराबाई. सांगायचं ते हिराबाईचंच आहे, मी उगाच टाचेभोवती फिरतोय.

हिराबाई उरणकडची कोळीण, आमच्या इमारतीत मासे घेऊन यायची. बायको तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही. तिचा नवरा बोटीवर जायचा. किडन्या गेल्या आणि घरी बसला. मशीनचं कानावर आलं तेव्हा ती आमच्या दारात टोपली टेकवून खालीच बसली. मला म्हणाली, "भाऊ, म्हंजे तुमी नवस बोललाव?"

मला हसू आलं. चॅलेंज म्हणजे काय, हे तिला समजावत कोण बसणार? ऑफिसला उशीर होत होता. बूट घालता घालता म्हणालो, "नवसच समजा, मावशी."

ती तसंच समजली. तिथेच एकवीरा आईचं नाव घेऊन हात जोडले. "मंग तुमी पोचस्तोवर मी पन पायान चपला घालनार नाय. दोगांचा मिलून नवस." नवऱ्यासाठी, म्हणाली. ऑफिसात मी हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले — मी सगळ्यात जास्त.

चार दिवस गोळ्यांवर काढले. संध्याकाळी बूट काढताना तोंडात टॉवेल धरायचो. पाचवा दिवस शेवटचा, पनवेल ते उरण. सोबत मोटारसायकलवर असणारा मित्र सत्काराची तयारी बघायला पुढे निघून गेला. जासई मागे पडलं आणि टाचेत काहीतरी कटकन झालं. त्यानंतर पाय टेकवेना. मी कंटेनरच्या रांगेशेजारी, धुळीत, फतकल मारून बसलो आणि रडलो. मोठ्याने रडलो. ट्रेलरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं?

रांगेतल्या एका ट्रेलरच्या ड्रायव्हरने दार उघडलं. "बैठ जाओ साहब." त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बसलो. न्हावा शेवाच्या फाट्यापर्यंत, सहा किलोमीटर. फाट्याच्या अलीकडे उतरलो, बाटलीतलं पाणी डोक्यावर, शर्टावर ओतलं — घाम दिसावा म्हणून. पुढचं अंतर लंगडत, फरफटत कसंबसं काढलं. ते खरं होतं. पण आता त्याचा काय उपयोग?

उरणच्या नाक्यावर ताशे वाजत होते. हारवाल्यांच्या पुढे हिराबाई, हातात पाण्याचा तांब्या. पालखीबरोबर चालत आलेल्यांचे पाय धुतात, तसे तिने माझे पाय धुतले. मोजे तिनेच काढले. सुजलेली टाच बघून तिचे डोळे भरले. तिचे स्वतःचे तळवे डांबराने काळे पडले होते, अंगठ्याला चिंधी बांधलेली. मी पाय मागे घेतला नाही. घेता आला असता. नाही घेतला.

देणग्या जमल्या, मशीनची ऑर्डर गेली. ते यायच्या आधीच तिचा नवरा गेला.

महिन्याभराने ती मासे घेऊन आली. अनवाणीच. बायकोने विचारलं तर तिने टोपली खाली टेकवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, त्या शेवटच्या दिवशी दुपारी टेम्पोची वाट बघताना डांबर फार तापलं होतं. शेजारणीच्या चपला तिने घातल्या. दहा पावलं. सावलीपर्यंत. "तुमचा खरा व्हता भाऊ. माजाच खोटा निंगाला. मीच खाल्ला त्याला."

मी नवस मानत नाही. पण ती मानत होती, आणि हिशेब तिच्या मानण्याचा होता. मला एक वाक्य बोलायचं होतं : मी ट्रेलरमध्ये बसलो होतो. चार शब्द. ती मला शिव्या देती, थुंकती, आयुष्यभर तळतळाट देती — पण तो सगळा माझ्यावर येता, तिच्यावर नाही. मी काय म्हणालो? म्हणालो, "मावशी, असं काही नसतं हो. मनाला लावून घेऊ नका." शहाण्या माणसाने म्हणावं तसं.

पुढे चार वर्षं ती आमच्याकडे येत होती, उन्हापावसात, तशीच अनवाणी. एकेक दिवस धरला तर ते वाक्य बोलायच्या कितीतरी संधी होत्या. मग ती यायची थांबली. कोळीवाड्यात विचारायलाही मी गेलो नाही.

चपलांचं सांगितलं त्या दिवशी जाताना तिने टोपलीतली दोन मोठी पापलेटं काढून बायकोच्या ताटात ठेवली. पैसे घेईना. "माज्या मानसासाठी धावलाव तुमी," म्हणाली. बायकोने ती दुपारी तळली, आणि मी जेवलो.