कोहळ्यावरचा पहिला वार

आमच्या गावात कोजागिरीच्या दुपारी कोहळी, म्हणजे लाल भोपळे, उडवतात. तोवर सोयाबीन निघालेलं असतं, गावालगतचं एखादं मोठं वावर मोकळं असतं, आणि प्रत्येक वेटाळातली, म्हणजे मोहल्ल्यातली, मंडळी आपापलं यंत्र ओढत तिथे आणतात. यंत्र म्हणजे थोरली गोफणच. लोखंडी घोडा, त्यावर आडवं लाकूड, लाकडाच्या एका टोकाला रेतीची पोती आणि दुसऱ्या टोकाला दोरीची झोळी. झोळीत कोहळं ठेवायचं आणि खिटी ओढायची. पोती खाली येतात, कोहळं वर जातं. ज्यांचं सगळ्यात लांब पडेल, त्या वेटाळाचा मान. मग पंगत, आणि चांदणं पडल्यावर मसाल्याचं दूध. गावात वेल्डिंगचं दुकान असलेल्या दोघा भावांनी हे सुरू केलं. त्या वर्षी कोहळी एवढी झाली होती की गाईसुद्धा तोंड फिरवायला लागल्या होत्या.

माझ्या आईला हा प्रकार मुळीच पटला नव्हता.

"अन्न फेकून राह्यले लोकं, अन् मी ते पाहाले जाऊ?" ती म्हणायची. "तुले जायचं असन तं जा."

मी तिची एकुलती एक मुलगी. वर्ध्याला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, रविवारी गावी जाते. बाबा गेल्यापासून आई घरात एकटीच असते. गोठ्यावर तिचा कोहळ्याचा वेल आहे. त्याची कोहळी गोल, जड आणि घट्ट निघतात. पण तिला ती स्वतः कापता येत नव्हती. म्हणजे हातात जोर होता, विळीला धार होती. पण आमच्याकडे अख्ख्या कोहळ्यावर बाई पहिला वार करत नाही. कोहळं म्हणजे पोटचा पोरगा, असं मानतात. घरातल्या पुरुषानं सुरी टोचायची, मग बाईनं चिरायचं. बाबा होते तोवर मला हे कधी जाणवलंच नाही. जेवायच्या आधी आई हाक मारायची, ते हातातलं काम ठेवून यायचे, सुरी खुपसायचे आणि परत जायचे. ते गेल्यावर आई शेजारच्या काकाजींना बोलवायला लागली. काकाजी मुलाकडे पुण्याला गेले की कोहळं कोपऱ्यात तसंच पडून राहायचं, आणि आई वांग्याची भाजी करायची.

एकदा मी म्हटलं, "आण, मी कापते."

"तू बाई नाई का?" ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता बोलली, "ज्याले पोरगाच नाई, त्याच्या घरी कोहळं काय समजाव, हे कोणी सांगतलं नाई मले."

 

त्याच वर्षी आमच्या वेटाळातल्या बाया तिच्याकडे कोहळी मागायला आल्या. उडवायला घट्ट कोहळं लागतं, नाहीतर ते झोळीतच फुटतं. आईनं सरळ सांगितलं, "खायाले देतो, फेकाले नाई." तरी कोजागिरीला मी तिला आग्रह करकरून वावरात नेलं. ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, सगळ्यांकडे पाठ करून बसली. मागे आरडाओरडा चालला होता, लाऊडस्पीकरवर कोणीतरी अंतर सांगत होतं, आणि आई समोरच्या तुरीकडे बघत होती.

तेवढ्यात कुणाचं तरी कोहळं भलतीकडेच भिरकावलं गेलं आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर धप्पकन पडलं. मी दचकले. आई उठली. मला वाटलं, आता ही घरी जाईल. ती फुटलेल्या कोहळ्याजवळ गेली, वाकली, एक मोठी फोड उचलून तिनं वास घेतला. आतला गर केशरी, कोरडा, अगदी भाजीजोगा होता. तिनं माती झटकली आणि फोड पदरात टाकली. मग दुसरी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "टोपलं आण वं कोणाचं. फुटलं म्हणजे वार झालाच न त्याच्यावर! आता चिराले काय हरकत आहे?"

तिचं पाहून आणखी बाया वावरात उतरल्या. ज्यांच्या घरी पुरुष बाहेरगावी, ज्यांच्या घरी पुरुषच नाही, अशा पुष्कळ होत्या. मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं की ही अडचण माझ्या एकट्या आईचीच आहे. त्या दिवशी पंगतीत भाजी वाढली ती वेचलेल्या कोहळ्यांची. तेव्हापासून रीतच पडली की वावरात काही सोडायचं नाही. चांगला गर पंगतीला, उरलेलं ढोरांना. अन्न वाया जातं हे आईचं म्हणणंही त्यानंतर बंद झालं.

पुढच्या वर्षी आमच्या वेटाळातल्या बायांनी आपलं वेगळं यंत्र उभं केलं. कोहळं आईच्याच वेलावरचं होतं, म्हणून खिटीही तिनंच ओढावी असा सगळ्यांचा हट्ट. ती पुढे झाली, खिटीच्या दोरीला हात लावला आणि थांबली. गर्दीत काकाजी उभे होते. तिनं त्यांना विचारलं, "काकाजी, हे फुटलं तं वार माझ्याच हातून झाला न?"

लोक हसले. काकाजी हसले नाहीत. टोपी सारखी करत ते म्हणाले, "मले इचारून काय करता, वहिनी? कोहळं तुमचं, हात तुमचा."

आईनं दोरी मनगटाला गुंडाळली. तिचे ओठ हलत होते. ती देवाशी बोलत होती की बाबांशी, ते मी तिला कधी विचारलं नाही. तिनं दोरी ओढली. पोती धाडकन खाली आली, लाकूड करकरलं, आणि कोहळं वर गेलं. क्षणभर ते फार सुंदर दिसलं. मग ते धुऱ्यावरच्या बाभळीत शिरलं आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात घट्ट जाऊन बसलं. तडकलंसुद्धा नाही. अंतर बाभळीपर्यंत मोजायचं की मोजायचंच नाही, यावर मोठा वाद झाला. आमचा नंबर शेवटून पहिला आला. आई मात्र पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. बाबा गेल्यानंतर तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी गावी गेले, तर ती चुलीपुढे होती आणि शेजारी विळीवर चिरलेलं कोहळं. मी विचारलं, "काकाजी आले का पुण्याहून?"

"नाई."

"मग कापलं कोणी?"

"भूक लागली होती," ती म्हणाली आणि फोडणीत मेथ्या टाकल्या.

तिनं विळी कधी उचलली, आधी देवापुढे दिवा लावला का, हे सगळं मला विचारायचं होतं. मी वर्ध्याच्या बाजारातून नेहमी कापलेली फोडच आणते. तिच्यावर पहिला वार कोणी केला, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. आईला तो विचार करत अख्खं आयुष्य काढावं लागलं, आणि तो संपला तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. कदाचित म्हणूनच तो संपला असेल.

तिनं ताट वाढलं. भाजीत मीठ किंचित जास्त होतं. मी ते बोलले, तर म्हणाली, "पोळीसंग खाजो, नाई लागणार," आणि माझ्या ऑफिसातल्या नव्या साहेबांची चौकशी करायला लागली.