निघण्याआधीची फेरी

माझा स्वभाव तापट आहे आणि तो डोळे तपासण्याच्या कामाला मुळीच शोभत नाही. समोरच्याला "आता दिसतं का? आणि आता?" असं वीस वेळा गोड आवाजात विचारायचं म्हणजे माझीच परीक्षा. तरीही ओमानमधली माझी सगळ्यात सुखाची वर्षं हेच विचारण्यात गेली, आणि तीही एका चाकांवरच्या खोलीत.

लग्नानंतर पुण्याहून मस्कतला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. तिथल्या अल हैल भागातल्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं एसीची घरघर ऐकत बसले. डोळे तपासायचं शिकलेलं सगळं गंजतंय असं वाटायचं आणि त्याचा राग नवऱ्यावर नाहीतर कुकरवर निघायचा. मग एका संस्थेने गावोगाव फिरणारा डोळ्यांचा दवाखाना काढला. चष्म्याचा नंबर काढायला बाई हवी होती, म्हणून मला बोलावणं आलं. दवाखाना म्हणजे एक लांबलचक पांढरा ट्रेलर. त्याचा पुढचा भाग पिकअपच्या मागच्या हौद्यात, जाडजूड कप्लिंगवर टेकलेला असायचा. आत तपासणीची खुर्ची, काचांचं कपाट, छोटा फ्रिज आणि टेबलावर नंबर काढायचं कॉम्प्युटरचं यंत्र. आधीचं यंत्र मी येण्यापूर्वी प्रवासात पडून फुटलं होतं. हे दुसरंही फुटलं तर दवाखाना बंद, असं ऑफिसने मला पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणजे मी पुन्हा कुकरपाशी.

ट्रेलर ओढायचे ते चाचा. रायगडच्या किनाऱ्यावरचे, साठीला टेकलेले, तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. ट्रेलरलाही ते बोटच समजायचे. त्यांनी कामाची वाटणी एका वाक्यात केली.

"बाय, भायेरचा माझा, आतला तुझा. सुटा काय ठेवायचा नाय."

बाहेरचं म्हणजे चाकांखाली लाकडी ठोकळे लावणं, पुढचे पाय उतरवणं, मागचे दोन जॅक आवळणं. वाळूत पाय रुततात म्हणून प्रत्येकाखाली फळी. मग दाराच्या उंबऱ्यावर पाण्याची लेव्हल ठेवून तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ते जॅक खाली-वर करत राहायचे. त्याआधी कोणालाही आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत. निघताना हेच सगळं उलट. आणि आतलं म्हणजे ड्रॉवरच्या कड्या, फ्रिजच्या दाराला पट्टा, खुर्ची आडवी करून बांधणं आणि सगळ्यात शेवटी ते यंत्र. त्याला मी घरची जुनी गोधडी गुंडाळायचे आणि वरून पट्टा आवळायचे. मग कुलूप लावून हात धुवायला जायचे. पिकअपच्या मागून माझी छोटी गाडी असायची. लायसन्स नवं होतं आणि त्या लांबलचक धुडाला ओव्हरटेक करायची माझी छाती नव्हती.

आमच्या दोघांत आणखी एक नियम होता, तो मात्र कोणी सांगितला नव्हता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. मला तो आईने शिकवला होता, चाचांना दर्याने. त्यांच्या गावात होडी सुटली की किनाऱ्यावरून कोणी आवाज द्यायचं नाही. मी विज्ञानाची पदवीधर, सुरुवातीला हसले होते. पण एकदा पाण्याचा थर्मास राहिला म्हणून मी "चाचा, थांबा!" म्हणून ओरडले आणि त्याच दुपारी टायर फुटला. तेव्हापासून माझं विज्ञान गप्प होतं.

त्या दिवशी किनाऱ्यावरच्या सहम गावातलं दोन दिवसांचं काम आटोपून आम्ही डोंगराकडच्या एका गावी निघालो होतो. मी यंत्राला गोधडी गुंडाळायला घेतली, तेवढ्यात आदल्या दिवशी चष्मा दिलेली एक बाई मुलीला घेऊन परत आली. चष्मा नाकावरून घसरत होता. मी गोधडी खुर्चीवर टाकली, दारात उभी राहून चष्म्याच्या काड्या वाकवल्या, मुलीचं हसू पाहून मीही हसले, आणि त्याच खुशीत दार ओढून कुलूप लावलं.

हात धुऊन गाडीत बसले. पुढे पिकअपने गियर टाकला, ट्रेलर हलला आणि मला खुर्चीवरची गोधडी आठवली.

तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली नाही. हॉर्नवर हात ठेवला आणि काढला, कारण हॉर्न म्हणजे तरी काय, हाकच ना? मनात म्हटलं, नेहमीच्या पेट्रोल पंपावर चाचा चहाला थांबतात, तिथे सांगू. खरं सांगायचं तर त्यात अपशकुनाची भीती निम्मीच होती. उरलेली निम्मी लाज होती. आतलं एवढं एकच काम माझं, आणि तेच मी केलं नव्हतं.

उशीर झाला होता म्हणून चाचा पंपावर थांबलेच नाहीत. मोबाईल तेव्हा आमच्यापैकी कोणाकडे नव्हता. बातिनाच्या किनारपट्टीवरच्या हमरस्त्यावर दर थोड्या अंतरावर गोल चौक, आणि प्रत्येक चौकात तो ट्रेलर वळताना माझा जीव टांगणीला. तिसऱ्या चौकानंतर मी स्वतःला मोठ्याने शिव्या घालायला लागले, त्याही अस्सल पुणेरी. मग डांबर संपलं. खडीचा कच्चा रस्ता, त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या. माझ्या छोट्या गाडीत माझे दात वाजत होते. आत यंत्राचं काय होत असेल ते मला न बघताही दिसत होतं.

गावात बोरीच्या मोठ्या झाडाखाली चाळीसेक माणसं वाट बघत बसली होती. काठ्या टेकलेले म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. एका म्हाताऱ्याने मला पाहताच हसत स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. मला रडू यायला लागलं.

चाचा मात्र नेहमीच्याच चालीने ठोकळे, फळ्या, जॅक करत होते.

"चाचा, यल्ला! लवकर करा ना!"

"बुडबुडा मधी येऊ दे, बाय."

तो बुडबुडा त्या दिवशी कधी नव्हे इतका अडून बसला होता. शेवटी त्यांनी मान हलवली. मी कुलूप काढलं आणि डोळे मिटूनच आत गेले.

यंत्र टेबलावर उभं होतं. माझ्या गोधडीत नीट गुंडाळलेलं, वर माझा पट्टा, आणि पट्ट्यावरून काथ्याची दोरी टेबलाच्या चारी पायांना बांधलेली. गाठी माझ्या नव्हत्या. तशा गाठी मला येतच नव्हत्या.

आधी मी चिडलेच. "तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे? माझ्या मागे येऊन तुम्ही तपासता?"

"होय. पयल्या दिवसापासून," चाचा दारातून म्हणाले. "तू हात धुवायला गेलीस का मी आत एक फेरी मारतंय."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"सांगितला असता तर तू बांधायचा सोडून दिला असतास. आनि सुटल्यावर मागून हाक मारायची नाय ना? मंग फेरी आधीच मारून घ्यायची."

आजवर किती वेळा माझं काही सुटं राहिलेलं सापडलं, असं मी हळू आवाजात विचारलं. ते हसले आणि गाठी सोडायला लागले. त्या दिवशी चाळीस माणसांचे डोळे मी तपासले आणि एकदाही आवाज चढवला नाही. चाचांचे आभार मात्र मानायचे राहिले. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानायची सवय कुठे असते?

पुढे सात वर्षं तो दवाखाना चालला. मग चाचा कायमचे गावी निघाले. आदल्या संध्याकाळी त्यांनी बॅग आमच्याकडे अल हैलला आणून ठेवली आणि ते नमाजला गेले. मी बॅग उघडली. सगळं होतं, फक्त मी करून दिलेला चष्मा नव्हता. गाडी काढली, दवाखान्यापाशी गेले. चष्मा पिकअपच्या काचेमागे पडलेला होता. तो रुमालात गुंडाळून मी त्यांच्या कपड्यांच्या घडीत ठेवला, बॅग बंद केली आणि वरून त्यांचीच काथ्याची दोरी आवळली, त्यांच्याच गाठीने. तोवर ती मला यायला लागली होती.

सकाळी टॅक्सी सुटली. मी फाटकाशी उभी होते. हाक मारावीशी फार वाटली, पण हाक मारण्यासारखं मागे काही राहिलं नव्हतं.