ज्याची फाईल त्याला आधी

रेकॉर्डवाल्या ताई पेशंटचं नाव कधी मोठ्यानं घेत नसत. जोगेश्वरीच्या आमच्या हॉस्पिटलात खिडकीसमोर कितीही गर्दी असो, त्या माणसाला हातानं जवळ बोलवायच्या आणि हळूच विचारायच्या, "रिपोर्ट कुठल्या नंबरवर पाठवू? फोन तुमच्याच हातात असतो ना?"

सगळे कागद कॉम्प्युटरवर गेले तेव्हा मी त्यांच्या हाताखाली लागलो. माहिती कुणाला द्यायची याच्या नियमांचं परिपत्रक आलं. बाकीच्यांनी सही करून ठेवून दिलं. ताईंनी ते तीनदा वाचलं. चारकोपच्या एका कारखान्याच्या मॅनेजरनं कामगाराचा रिपोर्ट ईमेलवर मागितला, तर म्हणाल्या, "त्याची लेखी संमती आणा, लगेच पाठवते." त्याच दुपारी वर्सोव्याची एक कोळीण स्वतःचे रिपोर्ट मागायला आली, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे होते. आमच्यातला एकजण तिला "उद्या या" म्हणाला, तेव्हा ताई उखडल्याच. "तिचंच आहे ना ते? मग उद्या कशाला?" पाच मिनिटांत सगळं तिच्या फोनवर. मला म्हणाल्या, "अडवून ठेवणं म्हणजे नियम पाळणं नव्हे रे. ज्याची फाईल त्याला आधी."

मग माझे बाबा आमच्याकडेच तपासून घ्यायला आले. घरी विचारलं की म्हणायचे, "काही नाही, ॲसिडिटी." आम्हा दोघांत तसंही बोलणं कमीच. एका दुपारी मला राहवलं नाही. मी त्यांची फाईल उघडली. गाठ होती, आणि साधी नव्हती.

कोणी कुठली फाईल उघडली याची कॉम्प्युटरमध्ये नोंद होते. दुसऱ्या दिवशी ताईंनी ती पाहिली. ओरडल्या नाहीत. आधी पाणी दिलं, मग कोरा कागद पुढे ठेवला.

"काय केलंस ते लिही. वर पाठवावं लागेल."

"ताई, माझे वडील आहेत ते."

"माहितीये. म्हणूनच त्यांना विचारायचं होतंस. आज घरी जाऊन त्यांनाही सांग."

मला महिनाभर स्टोअरला टाकलं. त्या महिन्यात मी ताईंशी धड बोललो नाही. पण कागद लिहून दिला त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आपणहून कसं सांगू, तेच कळत नव्हतं." आम्ही बोलत बसलो. त्यानंतर सात महिने रोज बोललो. तेवढेच मिळाले.

ताई रिटायर झाल्या. "येत जाईन" म्हणाल्या, आल्या नाहीत. मीही नुसता जाईन जाईन म्हणत राहिलो. यंदा त्या गेल्याचं कळलं, तेव्हा घरी गेलो. बुद्धाच्या मूर्तीशेजारी त्यांचा फोटो होता. त्यांचे यजमान एकटेच होते.

"इतकी वर्षं नोकरी केली, पण हॉस्पिटलचं घरात एक अक्षर बोलली नाही," ते म्हणाले. "विचारलं की म्हणायची, ते माझं नाही सांगायला. तुम्ही सांगा ना, काय करायची ती तिथं?"

मी त्यांना माझी आणि बाबांची गोष्ट सांगितली. ती तरी माझी होती.

"पाणी देऊन मग कागद पुढे केला?" काका हसले. "तीच ती." मग चष्मा काढून डोळे पुसले.

मी निघायला उठलो.

"अजून थोडं सांगा ना तिचं," ते म्हणाले.

मी पुन्हा बसलो.