वाकळेतली नाणी

मी सोलापूरला कॉलेजात शिकायला आले तेव्हा माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत चार साड्या, दोन वह्या आणि ज्वारीच्या पिठाची एक पिशवी होती. हॉस्टेलवर मेस असताना पीठ कशाला, असं आईनं दोनदा विचारलं. मी काहीतरी थाप मारली. त्या पिठात अज्जांची नाणी होती.

अज्जा म्हणजे माझे आजोबा. मैंदर्गीत कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजतात, त्यामुळे आम्हा पोरांना ते अज्जाच, काकांना आप्पा. त्यांचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्यात जे जुनं नाणं यायचं ते त्यांनी आयुष्यभर बाजूला काढून ठेवलं होतं. चाळीसेक नाणी असतील. राणीछाप रुपये, निजामाचा चारमिनारवाला रुपया, जाडजूड ढब्बू, शिवराया, भोकाचा पैसा, आणि टिपूच्या काळातला एक तांब्याचा पैसा, ज्यावर हत्ती होता. मी चार-पाच वर्षांची असताना वडील गेले. त्यानंतर दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की अज्जा मला मांडीवर घेऊन डोळे मिटायला लावायचे आणि हातात एकेक नाणं द्यायचे. बोटानं ओळखायचं. हत्ती मी पहिल्यांदा ओळखला तो दिवस मला अजून आठवतो.

काकांना मात्र त्यात चांदी दिसायची. काका वाईट माणूस नव्हता. वडील गेल्यावर आईला आणि मला त्यांनीच सांभाळलं, मला कॉलेजात घालायचं म्हटल्यावर भावकीशी भांडले. पण त्यांच्या डोक्यात पिठाच्या गिरणीनं घर केलं होतं आणि घरात चांदी गंजत पडलीय असं ते उठता-बसता म्हणायचे. सराफाशी त्यांचं बोलणंही झालं होतं. मी निघायच्या आदल्या दिवशी अज्जांनी सगळी नाणी माझ्या हवाली केली. "अव्वा, हे तुझं. वितळू देऊ नको," एवढंच म्हणाले. लाडात आले की ते मला अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे. चाळीस नाणी सांभाळण्यात काय मोठंसं, असं मला त्या वेळी वाटलं. किती भाबडी होते मी!

आमच्या हॉस्टेलचा खाक्या असा की मुलीनं दागिना किंवा मौल्यवान चीज जवळ ठेवायची नाही. ती रेक्टरबाईंच्या कपाटात जमा करायची आणि पालकांना तसं पत्र जायचं. माझे पालक म्हणून रजिस्टरवर सही कुणाची? काकांची. म्हणजे नाणी बाईंना सापडली की आठवड्याच्या आत मैंदर्गीला पत्र आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सराफाची मूस. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मला पहिल्या महिन्यातच कळलं.

पिठाला किडे लागले, तेव्हा नाणी ट्रंकेत कागदाखाली गेली. श्रावणात एका मुलीचं घड्याळ गेलं आणि बाईंनी जाहीर केलं की रविवारी सगळ्यांच्या ट्रंका उघडायच्या. त्या रविवारी मी चाळीसच्या चाळीस नाणी फडक्यात गुंडाळून साडीच्या आत कमरेला बांधली आणि ट्रंकेशेजारी उभी राहिले. पाच मिनिटांचं काम, पण बाईंनी माझ्या वह्याही चाळल्या, अक्षराचं कौतुक केलं, घरी कोण कोण असतं विचारलं. मी पोट आत ओढून उत्तरं देत होते. त्या गेल्यावर कमरेवर वळ उठले होते आणि मी रडले. घड्याळ पुढं न्हाणीघरातल्या कोनाड्यात सापडलं.

मग मला वाकळ सुचली. आईनं जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली माझी वाकळ चांगली जाड होती. खोलीत माझ्याबरोबर मंगळवेढ्याची एक मुलगी होती. ती दुपारच्या तासांना गेली की मी आतून कडी लावून बसायची. एक शिवण उसवायची, नाणं चिंधीत गुंडाळायचं म्हणजे वाजणार नाही, थरांच्या मध्ये सरकवायचं आणि चारी बाजूंनी टाके घालून त्याचं वेगळं घर करायचं. चांदीची मधोमध, तांब्याची काठाकाठानं, हत्ती उजव्या कोपऱ्यात. आठ दिवस लागले. नववीपर्यंत शिवणात मी कशीबशी पास होत आलेली, पण ते टाके आईलाही ओळखू आले नसते.

मी मोठी हुशारी केली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी स्वतःच स्वतःला खुंट्याला बांधून घेतलं होतं. वाकळ कुणी उसनी मागू नये म्हणून मला कायम खोलीत असायला हवं. धोब्याला द्यायची नाही, दोरीवर वाळत टाकायची नाही, कुणाला तिच्यावर लोळू द्यायचं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुली चटया घेऊन गच्चीवर गेल्या आणि मी पंखा नसलेल्या खोलीत वाकळ अंगाखाली घेऊन घामानं भिजत पडले. कॉलेजची सहल विजापूरला गेली. माझं पोट दुखलं. मुली घोळक्यानं सात रस्त्यावर, त्या गजबजलेल्या चौकात, फिरायला जायच्या, मला अभ्यास असायचा. हॉस्टेलचं फाटक संध्याकाळी सहाला बंद व्हायचं म्हणून सगळ्या बाईंच्या नावानं बोटं मोडायच्या. माझं फाटक दिवसभर बंद होतं आणि बोटं मोडायला मला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"तुझ्या वाकळंत काय जीव अडकलाय का गं?" मंगळवेढ्याची एकदा म्हणाली. मी तिच्यावर खेकसले. ती बिचारी चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

मग ढेकूण झाले. बाईंनी फर्मान काढलं की सगळ्यांचं अंथरूण-पांघरूण गच्चीवर, उन्हात, काठीनं बडवायचं. बडवताना आवाज आला तर? मी पदर खोचला आणि सगळ्यांचंच बडवायला घेतलं. माझ्या खोलीचं, शेजारच्या खोलीचं, सगळ्या मजल्याचं. बत्तीस मुलींच्या गाद्या बडवल्या आणि त्या रगाड्यात माझ्या वाकळेवर वरवर दोन फटके मारून ती घडी घालून टाकली. बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मुली माझ्याकडे अशा बघत होत्या की मेलेले ढेकूण बरे. माझे ढेकूण मात्र वाकळेत सुखरूप राहिले आणि पुढं मला चावत राहिले.

दिवाळीत हॉस्टेल बंद. मी वाकळ पाठीवर टाकून एस.टी.त चढले. मैंदर्गीच्या स्टँडवर काका घ्यायला आले होते. घरात वाकळा नाहीत का, म्हणून हसले आणि ओझं स्वतःच्या खांद्यावर घेऊन घरापर्यंत चालत गेले. सोलापूरचं पाणी वाकळेला मानवलेलं दिसतंय, असंही वर म्हणाले. मी वाकळेवर नजर ठेवून त्यांच्या मागून चालत होते.

अज्जांची नजर तोवर जवळजवळ गेली होती. काका दुकानात गेल्यावर मी वाकळ त्यांच्या मांडीवर पसरली, त्यांचा हात धरला आणि उजव्या कोपऱ्यावर ठेवला. दोन लुगड्यांच्या आणि एका चिंधीच्या आतून त्यांनी तो पैसा चाचपला. मग गालात हसत म्हणाले, "हत्ती." तेवढ्या एका शब्दानं माझा सगळा शीण उतरला. मग त्यांनी काठाकाठानं सगळी वाकळ चाचपली, एखाद्या ठिकाणी अडले की मी कानात नाव सांगायची. सुट्टी संपली तशी मी वाकळ पुन्हा पाठीवर घेतली.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली. सगळं हॉस्टेल पाळण्यात बसायला गेलं आणि मी वाकळेवर. त्यानंतर आठवडाभरातच एका सकाळी मला भेटायला काका आले. भेटीच्या खोलीत रेक्टरबाई टेबलापाशी कागद चाळत बसल्या होत्या, तसा नियमच होता. काका म्हणाले, अज्जांची तब्येत खालावलीय, अंगातली थंडी जात नाही.

"तुझी वाकळ दे म्हनतेत. दुसरी चालत न्हाय. मी नवी चादर नेली तर फेकून दिली की."

अज्जांनी ती का मागितली? थंडीसाठी, की नाणी हाताखाली असावीत म्हणून? ते मला कधीच कळणार नाही. त्या घडीला मला एकच सुचलं, की ज्याचं त्याच्याकडे जातंय. बाई बघत होत्या, काका बघत होते. मी वर गेले, वाकळ आणली आणि काकांच्या हातात दिली. काकांनी ती तोलून बघितली आणि खांद्यावर टाकली. खरं सांगते, मला आनंद झाला. त्या दुपारी मी मंगळवेढ्याच्या मैत्रिणीला घेऊन सात रस्त्यावर गेले आणि उसाचा रस प्यायले. सात महिन्यांत पहिल्यांदा मागं वळून बघावंसं वाटलं नाही.

शिवरात्रीच्या आधी निरोप आला. मी मैंदर्गीला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. आईनं मला जवळ घेतलं. अज्जा जिथं निजायचे तो कोपरा सारवून घेतलेला, ओला होता. बाज नव्हती, उशी नव्हती. मला तिथंच कळलं, आणि हा साधा रिवाज जन्मापासून माहीत असून मला महिनाभर एकदाही आठवला नव्हता. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. ओढ्यापलीकडे नेऊन टाकतात. ज्याला गरज असेल तो उचलून नेतो.

आई सांगत होती, शेवटचे चार दिवस अज्जा नुसते वाकळ चाचपायचे. ठिगळामागून ठिगळ बोटानं दाबायचे आणि ओठांनी काहीतरी पुटपुटायचे. आईला वाटलं, देवाचं नाव घेतायत.

मी काकांना विचारलं, वाकळ कुठाय. आवाज साधा ठेवायला मला किती जोर लावावा लागला ते माझं मला माहीत. काकांचे डोळे सुजले होते.

"आप्पा सारकं म्हनत हुते, वाकळ पोरीला परत द्या म्हून. शेवटपत्तूर त्येच. पन मेल्या मानसाच्या अंगावरची वाकळ तुला कशी देऊ, बाळा? तुझं समदं आयुष्य जायचंय. मीच नेऊन टाकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी परसाकडेला जायचं निमित्त करून मी ओढ्यापलीकडे गेले. बाज होती, तिचं सुंभ कुणीतरी कापून नेलं होतं. फाटलेली उशी होती आणि बाभळीच्या काट्यांना कापूस अडकला होता. वाकळ नव्हती. मी झुडपं पाहिली, ओढ्याच्या पात्रात उतरले, उगाच वाळू उकरली. गावभर फिरून तर विचारता येणार नव्हतं. वाकळ कशाला हवी, याचं उत्तर काकांच्या कानावर गेलं असतं. कुणीतरी गरजू अजून ती पांघरत असेल, तिच्या वजनाला शिव्या देत. किंवा पहिल्याच धुण्याला सगळं उघडं पडलं असेल.

काका त्यानंतर खूप वर्षं जगले. त्यांची गिरणी झाली, चाललीही. म्हातारपणी दर दिवाळीला एकदा तरी विषय निघायचा, की आप्पांनी ती नाणी कुणाला दिली असतील. मी म्हणायची, मला काय माहीत. सांगणं काही अवघड नव्हतं. पण सांगायचं म्हणजे, ती तुमच्या खांद्यावरून दोनदा घरी आली आणि तिसऱ्यांदा तुम्ही स्वतःच्या हातानं ओढ्यापलीकडे नेऊन टाकलीत, तेही माझं भलं व्हावं म्हणून, हे सांगायचं. ते मला शेवटपर्यंत जमलं नाही. अज्जांनी वितळू देऊ नको म्हणून सांगितलं होतं, तेवढं मात्र झालं.

दिवस झाल्यावर मला सोडायला काका सोलापूरपर्यंत आले. हॉस्टेलवर जाण्याआधी त्यांनी मला चादरींच्या एका दुकानात नेलं. थंडी सरली होती, पण ऐकेनात. दुकानदाराला पंधरा-वीस चादरी उलगडायला लावल्या आणि त्यातली सगळ्यात चांगली निवडली, लाल आणि निळी, मोरांची. घडी घालून माझ्या खांद्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरून बघितलं.

"बग, किती हलकी हाय. आता कुटंबी घिऊन जा."

मी म्हटलं, "व्हय काका, हलकी हाय." त्या वर्षी मी पुन्हा सात रस्त्यावर गेले नाही.