दंडावरचे डाग

वडगावातली ती केस निवृत्तीनंतरही माझ्या मनातून जात नाही.

निपाणीला दिलेली, माहेरी आलेली एक मुलगी सकाळीच ठाण्यात आली. "साहेब, वैनीनं माझ्या आईला मारलंय. आईचं पाय हलंनात."

आम्ही लगेच घरी गेलो. विणकराचं घर. म्हातारी खाटेवर पडलेली, दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग. "सुनेनं मारलं का?" विचारल्यावर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला मुलीबरोबर दवाखान्यात पाठवलं आणि सुनेला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. अख्खी गल्ली बघत होती.

महिला पोलिसासमोर मी विचारलं, "डॉक्टरला का दाखवलं नाही?"

"मी मारलं न्हाय," एवढंच ती म्हणायची. अशा गप्प बसण्याचा अर्थ आम्ही पोलीस एकच लावतो.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "हाड मोडलेलं नाही. मज्जारज्जूभोवती रक्त साचलंय, त्यानं तो दबलाय. आजींच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. अशा लोकांना मार न लागताही हे होतं. नुसतं धरलं तरी डाग उठतात. ऑपरेशन तातडीनं करायचंय. पण त्रास कधी सुरू झाला, लघवीवरचा ताबा कधी गेला, ते त्या सांगतच नाहीत."

मी तेच सुनेला विचारलं. तिला रडू फुटलं. सासूला ती आत्ती म्हणायची.

"काल सकाळी पाठीत कळ आली, मग पाय बधिर झालं. अंथरूण वलं झालं. आत्ती म्हणाल्या, कुणाला सांगशील तर माझी शपथ हाय. मी लुगडं बदललं. उचलताना दंड धरलं, तेवढंच."

डॉक्टरांना तसं कळवलं आणि सुनेलाही दवाखान्यात पोचवलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण उशीर झाला होता. पायांत पहिली ताकद आली नाही.

जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो तेव्हा जवळ बसलेल्या सुनेकडे बघून म्हातारीनं डोळ्यांवर पदर ओढला. "मुतल्यालं कळंना झालतं, साहेब. लेकीला कसं सांगू? हिनं माझी अब्रू राखली, आन् मी गप बसून हिची घालवली."

मुलगी खाटेच्या पायाशी उभी होती. वहिनीकडे बघायची तिची हिंमत होईना.

सुनेला घरी सोडायला मी स्वतः गेलो. शेजारी दारात उभे होते. मी मोठ्यानं सांगितलं, "या बाईंनी काहीही केलेलं नाही." ती खाली मान घालून घरात गेली.

खोटा आरोप मी कागदावरून काढू शकत होतो. तिची मान वर करणं माझ्या हातात नव्हतं.