डावीकडचा स्पीकर

भरे गावात सोमनाथ ओव्हाळला सगळे ओळखतात ते त्याच्या घरातून येणाऱ्या गाण्यांमुळे. पिरंगुटच्या एका कारखान्यात त्यानं एकतीस वर्षं पत्रा कापायचा प्रेस चालवला. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी चांगला बोनस मिळाला. बरोबरीच्या लोकांनी फ्रीज घेतले आणि यानं पुण्याहून ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर आणले, एसटीच्या टपावर बांधून. त्याची बायको अनुसया खोक्यांकडे बघत म्हणाली होती, "आता ह्या दोगांस्नी बसाया जागा द्या, आपन हुबं ऱ्हाऊ."

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की तो भीमगीतं नाहीतर कव्वाली लावायचा. दोन्ही खोक्यांच्या बरोबर मध्ये खुर्ची ठेवायची आणि डोळे मिटायचे. "ढोलकवाला हितं, डावीकडं. पेटी तितं. गानारा मधी," असं तो बोटानं दाखवायचा. खोली दहा बाय बाराची, पण डोळे मिटले की तिथे पाच माणसं मांडी घालून बसलेली असायची.

तो रिटायर झाला त्याच वर्षी मुलीला, वृषालीला, नाशिकला मुलगा झाला. अनुसया तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. वृषालीची नोकरी सुरू झाली, बाळाला बघायला कुणी नव्हतं, आणि तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. ती संध्याकाळी फोन करायची. जेवलात का, गोळी घेतली का, बाळ आता झोपलंय. मग दोघंही गप्प. घरात ती गाण्यातली पाच माणसं तेवढी उरली.

गेल्या दिवाळीनंतर त्यातलाही एक उठून गेल्यासारखं झालं. ढोलक नीट ऐकू येईना. वाजत होता, पण भिंतीपलीकडून वाजल्यासारखा. सोमनाथनं डावं खोकं उघडून पुसलं, वायर बदलली. फरक पडला नाही.

"बाबा, ते भंगारात द्या," वृषाली म्हणाली. "मी एक छोटा स्पीकर पाठवते. मोबाईलला जोडायचा, झालं."

"एकाच डब्यातनं समदी बोलत्यात त्यात. कोन कुटं बसलाय कळत न्हाई."

मग तो पौडला कुशाबाकडे गेला. एसटी स्टँडमागे कुशाबाचं दुकान, मांडववाल्यांचे भोंगे आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचं. स्पीकरचा नुसता पडदा बदलावा, की नवी जोडीच घ्यावी, की ॲम्प्लिफायरच दमलाय, यावर दोघांची चर्चा सुरू झाली. सोमनाथ आठवड्यातून दोनदा जाऊ लागला. कुशाबाकडची माहिती ऐकायची, घरी येऊन विचार करायचा, पुन्हा नवी शंका घेऊन जायचं. दोन महिने त्याला कुणाशी तरी बोलायला विषय होता, आणि निर्णय लांबला तरी त्याची हरकत नव्हती.

कुशाबाच शेवटी कंटाळला. एका दुपारी तो नवी जोडी घेऊन घरी आला. "वाजवून बगा, पटलं तर ठेवा."

नवे स्पीकर लागले. सोमनाथनं डोळे मिटले. ढोलक भिंतीपलीकडेच होता.

कुशाबानं वायरींची अदलाबदल केली, डावीकडची उजवीकडे. पेटी भिंतीपलीकडे गेली आणि ढोलक उजवीकडून खणखणीत आला. मग कुशाबा स्वतः खुर्चीत बसला, पुरं एक गाणं ऐकलं आणि उठला.

"मला दोनी सारकंच ऐकू येतंय," तो म्हणाला. "तुमी आता उलटं बसा. खोक्यांकडं पाठ करून."

सोमनाथ उलटा बसला. मघाशी उजवीकडून खणखणीत वाजणारा स्पीकर आता डाव्या बाजूला आला आणि मंद झाला.

कुशाबा बराच वेळ वायर गुंडाळत राहिला. "सोमनाथराव, प्रेसवर कानात बोळं घालत हुता का?"

"दिली हुती कंपनीनं. मी घालत नव्हतो. प्रेसचा आवाज बदलला की पत्रा कापायची डाय सरकली म्हनून कळायचं."

"कान दाखवून घ्या," कुशाबा म्हणाला आणि जोडी घेऊन गेला.

सोमनाथ खुर्ची पुन्हा पहिल्यासारखी वळवून बसला. स्वयंपाकघराचं दार त्याच्या डाव्या हाताला होतं. अनुसया नेहमी त्या उंबऱ्याशी बसायची, भाजी निवडत. नाशिकला जायच्या आधीची काही वर्षं ती म्हणायची, तुमचं ध्यान नसतं. तो म्हणायचा, तू पुटपुटतेस. पुढे तिचं म्हणणं बंद झालं. वयानं ती अबोल झाली, असं त्याला वाटलं होतं.

त्यानं संध्याकाळची वाट न बघता तिला फोन लावला आणि कानाचं सांगितलं.

"मला वाटायचं, ह्यांना आपलं ऐकायचंच न्हाई," ती म्हणाली. "मंग म्हनलं, कशाला बोलायचं."

"काय बोलायचीस तू?"

"आता काय आठवतंय. घरातलंच काईतरी." बाळ रडू लागलं. "ठेवते," ती म्हणाली.

पुण्यात तपासणी झाली. डाव्या कानाला यंत्र बसलं. बोलणं समजू लागलं, पण त्यातून गाणं पत्र्यावर वाजल्यासारखं यायचं. म्हणून गाणं ऐकताना सोमनाथ यंत्र काढून ठेवू लागला. नवे स्पीकर त्यानं घेतले नाहीत. कुशाबाकडून दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून उजव्या खोक्यात घेतला. आता एकही सूर हरवत नव्हता. फक्त ढोलक, पेटी आणि गाणारा एकाच बाकावर दाटीनं बसले होते. डावीकडची जागा मोकळी. पहिल्या रविवारी त्यानं तीन गाणी ऐकली आणि बंद केलं.

वैशाखात बुद्धपौर्णिमेला अनुसया आठ दिवस आली. पहिले दोन दिवस दोघांनाही काय बोलावं ते सुचेना. तिसऱ्या दिवशी ती न सांगता त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि नाशिकच्या घराबद्दल सांगू लागली. चौथ्या मजल्यावर करमत नाही, गुडघा दुखतो, जावई भला आहे पण फारसा बोलत नाही. सोमनाथनं मध्ये काही विचारलं नाही, नुसतं ऐकलं.

निघताना ती म्हणाली, "पोरगं साळंत जाया लागलं की येते कायमची."

शाळेला अजून दीड वर्ष आहे.