मिश्रीचे दात

नागपूरहून निघताना बॅगेत सांडगे, तिखट आणि एक जुना हट्ट भरला होता : नातीच्या, इराच्या विद्यापीठात जाऊन माणसाचं हाड हातात घ्यायचं.

विसाव्या वर्षी मी मानवशास्त्र घेतलं होतं. पहिल्याच प्रात्यक्षिकाला सरांनी तळहातावर दाढ ठेवली. मी किंचाळून ती टाकली, घरी येऊन भर थंडीत डोक्यावरून तीन बादल्या ओतल्या आणि विषय सोडला. मैत्रिणींना सांगितलं, घरचे नाही म्हणतात. घरच्यांना पत्ताही नव्हता! अशी मी शूर.

कॅनडात, ब्रॅम्पटनला त्या सकाळी समीर, माझा मुलगा, दारातला बर्फ शोव्हल करत होता.

"आई, संध्याकाळी सत्यनारायण आहे. आजच काहून जायचं?"

"आजच इराची लॅब उघडी आहे म्हणून."

"मग आल्यावर डोक्यावरून आंघोळ. नाहीतर प्रसादाला हात लावायचा नाही."

बसस्टॉपवर मी बर्फात सपशेल आपटले. "आजी, आर यू ओके?" इरा ओरडली.

"मोजून घे. सगळी हाडं शाबूत आहेत."

लॅबमध्ये मऊ गादीवर एक खालचा जबडा होता. इराच्या शिक्षिका क्लेअरबाई सारवासारव न करता म्हणाल्या, "फार पूर्वी भारतातून विकत आणलेला. बाईचा असावा. तिला कुणी विचारलं नव्हतं. आता ती कुठली, ते शोधतोय. परत पाठवायचंय."

पुढचे दात बाहेरून घासून चपटे झालेले, मुळाशी काळा थर. "इतकं वेअर कशानं? वुई डोन्ट गेट इट," इरा म्हणाली.

माझी आजी डोळ्यांपुढे आली. पायरीवर बसून, तर्जनीनं तासभर मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) घासणारी.

"शपथेवर नाही सांगत," मी म्हटलं, "पण ही मिश्री लावणारी बाई."

क्लेअरबाईंनी इराकडून समजून घेत सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "हातात घेणार?"

मी ओंजळ पुढे केली. केवढासा भार! बये, मी मनात म्हटलं, तेव्हा पळाले होते.

घरी समीर दारातच उभा. "बेसमेंटच्या वॉशरूममध्ये गरम पाणी काढलंय."

"हात साबणानं धुतलेत. बाजूला हो, शिरा करायचाय."

"आई, विटाळ..."

"कसला? दाताचा? तुझ्या तोंडात बत्तीस आहेत. तू आधी आंघोळ कर."

इरा खो खो हसली. मी रवा भाजायला घेतला. नैवेद्य झाल्यावर एक वाटी वेगळी काढली.

"ही कुणाची?" समीरनं विचारलं.

"आपल्याकडच्या एका बाईची. बरीच वर्षं इथं अडकलीय."

मग त्यानंच वाटीवर तुळशीचं पान ठेवलं. आणि शिरा दोनदा मागून घेतला.

आता नागपूरला परत आलेय. शेजारणी विचारतात, नायगारा पाहिला का? नाही पाहिला. एवढंच वाटतं, त्या वीस वर्षांच्या घाबरट मुलीला गाठावं आणि म्हणावं, पोरी, तीन बादल्या पाणी फुकट घालवलंस.